ई-रीडर, टॅबलेट आणि मासिकाचा अंक

मासिके व साप्ताहिके छापील स्वरूपात काढावीत की केवळ पडद्यावर वाचावयास द्यावीत, हा प्रश्न आज प्रत्येक लहानमोठ्या नियतकालिकासमोर उभा आहे. कागदाचा आणि छपाईचा खर्च वाढत आहे. टपालाने पाठविलेला अंक वेळेवर पोहोचेलच, याची शाश्वती देता येत नाही. तरुण वाचक म्हणतात, "अंक टॅबलेटवरच पाठवा, घरात रद्दी साठत नाही." ज्येष्ठ वाचक म्हणतात, "अंक हातात घेतल्याशिवाय वाचल्यासारखे वाटत नाही." दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे आणि म्हणूनच हा प्रश्न आवडीनिवडीवर सोडून देण्यासारखा नाही.

काही वर्षांपूर्वी या प्रश्नाचे उत्तर केवळ तर्काने द्यावे लागत होते. आता तशी स्थिती नाही. ई-रीडर आणि टॅबलेट ही साधने बाजारात येऊन एका तपाहून अधिक काळ लोटला आहे. जगातील बलाढ्य प्रकाशनसंस्थांनी त्यांवर मासिके काढून पाहिली. काही प्रयोग फसले, काही तगले. त्या अनुभवातून आपल्यासारख्या वाचकांना व लहान नियतकालिकांना काय शिकता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

दोन साधने, दोन स्वभाव

प्रथम ही दोन साधने एकमेकांपासून वेगळी ओळखली पाहिजेत. ई-रीडर हे मुख्यतः वाचनासाठी बनविलेले यंत्र आहे. त्याच्या पडद्यात 'इलेक्ट्रॉनिक शाई' असते. केसाच्या जाडीएवढ्या लक्षावधी सूक्ष्म कुप्यांमध्ये एक पारदर्शक द्रव भरलेला असतो आणि त्यात पांढरे व काळे रंगकण तरंगत असतात. पांढऱ्या कणांवर एक विद्युतभार असतो, काळ्यांवर त्याच्या विरुद्ध. पडद्यामागून विजेचा सूक्ष्म झोत दिला की कोठे पांढरे कण वर येतात, कोठे काळे आणि त्यांतून अक्षर उमटते. एकदा उमटलेले पान तसेच ठेवण्यासाठी वीज लागत नाही. म्हणून हे यंत्र एकदा भारित केले की आठवडेच्या आठवडे चालते. कागदाप्रमाणेच हा पडदा बाहेरच्या प्रकाशात वाचता येतो. उन्हात तर तो अधिकच स्पष्ट दिसतो.

सोनी कंपनीने २००४ साली जपानमध्ये अशा पडद्याचे वाचनयंत्र प्रथम विक्रीस आणले. परंतु ई-रीडर घरोघरी पोहोचविला तो ॲमेझॉनच्या किंडलने. १९ नोव्हेंबर २००७ रोजी अमेरिकेत किंडल विक्रीस आले. किंमत ३९९ डॉलर आणि पडदा अवघा सहा इंचांचा, कृष्णधवल. कथा-कादंबरी वाचण्यास तो उत्तम होता. मासिकाची मात्र अडचण झाली. मासिकात छायाचित्रे असतात, रंग असतात, चौकटी आणि तक्ते असतात. सहा इंचांच्या करड्या पडद्यावर या साऱ्याची रया जात असे.

टॅबलेटचा स्वभाव निराळा. ॲपलचा आयपॅड ३ एप्रिल २०१० रोजी विक्रीस आला. त्याचा पडदा ९.७ इंचांचा, रंगीत आणि स्वयंप्रकाशी होता. पान बोटाने उलटता येत होते, चित्र मोठे करता येत होते, लेखाच्या मध्येच चलचित्र दाखविता येत होते. मासिकासाठी जे जे हवे ते सारे येथे होते. परंतु या यंत्रावर मासिकाव्यतिरिक्त इतरही सारे होते. पुढे काय घडले, याचे मर्म या एका वाक्यात आहे.

मोठ्या अपेक्षा

त्या काळी छापील मासिकांना अमेरिकेत उतरती कळा लागली होती. जाहिराती इंटरनेटकडे वळल्या होत्या आणि इंटरनेटवर वाचण्यासाठी पैसे मोजण्याची वाचकाला सवय नव्हती. टॅबलेटवर मात्र वाचक अंक विकत घेईल आणि मासिकांचे दिवस पालटतील, असे प्रकाशकांना वाटू लागले.

पहिला अनुभव उत्साहवर्धक होता. तंत्रज्ञानविषयक 'वायर्ड' मासिकाने मे २०१० च्या अखेरीस आयपॅडवर आपला पहिला अंक आणला आणि त्याच्या सुमारे एक लाख प्रती विकल्या गेल्या. मात्र तो अंक यंत्रात उतरवून घेण्यास सुमारे ५०० मेगाबाइट जागा लागत असे. शिवाय नवलाई फार दिवस टिकली नाही. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये ही विक्री २३ हजारांच्या आसपास आली.

रूपर्ट मर्डॉक यांच्या न्यूज कॉर्पोरेशनने तर त्यापुढे पाऊल टाकले. २ फेब्रुवारी २०११ रोजी त्यांनी 'द डेली' हे केवळ आयपॅडसाठी तयार केलेले वृत्तपत्र सुरू केले. आठवड्याला ९९ सेंट वर्गणी होती. सुमारे एक लाख वर्गणीदार मिळाले, तरीही खर्च भागला नाही. १५ डिसेंबर २०१२ रोजी ते बंद पडले. त्याच महिन्यात, १९३३ पासून प्रसिद्ध होणाऱ्या 'न्यूजवीक' साप्ताहिकाने आपला अखेरचा छापील अंक काढून केवळ पडद्यावर जाण्याचा निर्णय अमलात आणला. परंतु मालकी बदलल्यानंतर मार्च २०१४ मध्ये तेच साप्ताहिक पुन्हा कागदावर परतले.

ॲपलने ऑक्टोबर २०११ मध्ये आयपॅडवर लाकडी फळीच्या रूपात 'न्यूजस्टँड' नावाचे मासिकांचे कपाट मांडले. सप्टेंबर २०१५ मध्ये ते काढून टाकण्यात आले. ॲमेझॉनने किंडलवरील मासिकांची व वृत्तपत्रांची नेहमीची वर्गणीसेवा सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली.

हे का घडले?

पहिले कारण वाचनाच्या एकाग्रतेशी निगडित आहे. छापील मासिक हाती घेतलेल्या वाचकाच्या हातात त्या वेळी दुसरे काही नसते. टॅबलेटवर मात्र मासिकाच्या शेजारीच पत्रव्यवहार, चित्रपट, खेळ आणि मित्रमंडळींच्या गप्पा असतात. अर्धा लेख वाचून होतो न होतो तोच एखादी सूचना पडद्यावर झळकते आणि वाचक दुसरीकडे ओढला जातो. स्पेनमधील पाब्लो डेलगादो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली ५४ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले. त्या अभ्यासांत एकंदर १ लाख ७० हजारांहून अधिक वाचक सहभागी होते. माहितीपर मजकुराचे आकलन कागदावर अधिक चांगले होते, विशेषतः वाचण्यासाठी वेळ मोजका असेल तेव्हा, असे त्यातून दिसून आले. गोष्टीरूप मजकुराच्या बाबतीत असा फरक आढळला नाही. मासिकातील वैचारिक लेख या पहिल्याच प्रकारात मोडतात, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

दुसरे कारण अधिक खोल आहे. मासिक म्हणजे सुट्या लेखांचा ढीग नव्हे. संपादकाने निवडलेला, क्रमाने मांडलेला आणि कोठेतरी संपणारा तो एक अंक असतो. मराठी वाचकाला हे वेगळे सांगावयास नको. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून एका मुखपृष्ठाखाली कथा, कविता, लेख, व्यंगचित्रे आणि भविष्य एकत्र वाचण्याची आपल्याला सवय आहे. ज्याने अंक कवितेसाठी घेतला तो जाता जाता इतिहासावरचा लेखही वाचतो. आपल्याला न आवडणाऱ्या विषयावरचे चार शब्द नकळत कानी पडतात.

पडद्यावर ही मोट सुटते. तेथे वाचनाचे एकक अंक राहत नाही, लेख होतो. ॲपलने २०१८ साली 'टेक्श्चर' ही अनेक मासिके एकाच वर्गणीत देणारी सेवा विकत घेतली आणि मार्च २०१९ मध्ये 'ॲपल न्यूज प्लस' सुरू केली. सुरुवातीला दरमहा ९.९९ डॉलरमध्ये सुमारे ३०० मासिके मिळत. वाचकाच्या दृष्टीने हे स्वस्त खरे. पण अशा सेवेत वाचक एका मासिकातील एक लेख आणि दुसऱ्यातील दुसरा असा फिरत राहतो. कोणते मासिक आपले, ही भावना हळूहळू विरून जाते. मोठे प्रकाशक हे सोसू शकतात. ज्या लहान मासिकाचा आधारच मुळी वाचकांच्या आपलेपणावर आहे, त्याचे काय?

तिसरे कारण व्यवहाराचे आहे. टपालाने अंक पाठविणाऱ्या संपादकाजवळ वर्गणीदारांची नोंदवही असते. कोण आजारी आहे, कोणाचा पत्ता बदलला, कोणाची वर्गणी थकली, हे त्याला ठाऊक असते. ॲपलने फेब्रुवारी २०११ मध्ये आपल्या दुकानातून वर्गणी घेण्याची पद्धत सुरू केली, तेव्हा वर्गणीतील ३० टक्के हिस्सा स्वतःकडे ठेवला. वाचकाने संमती दिली तरच त्याचे नाव व संपर्क प्रकाशकाला मिळे. याचा अर्थ असा की वाचक मासिकाचा असला तरी गिऱ्हाईक दुकानाचे झाले.

अंक कोणाच्या मालकीचा?

छापील अंक विकत घेतला की तो आपला होतो. तो शेजाऱ्याला देता येतो, आजारी नातलगाच्या उशाशी ठेवता येतो, त्यातील लेख कापून वहीत चिकटविता येतो. पडद्यावरील अंकाच्या बाबतीत आपण बहुधा केवळ वाचण्याची परवानगी विकत घेतलेली असते.

याचे बोलके उदाहरण जुलै २००९ मध्ये घडले. जॉर्ज ऑर्वेल यांच्या '१९८४' आणि 'ॲनिमल फार्म' या कादंबऱ्या ज्या विक्रेत्याने किंडलवर आणल्या होत्या, त्याच्याकडे त्यांचे हक्क नव्हते. हे लक्षात येताच ॲमेझॉनने त्या प्रती वाचकांच्या यंत्रांतून परस्पर काढून घेतल्या आणि पैसे परत केले. सरकारी यंत्रणा जुन्या नोंदी नाहीशा करते, असे चित्र ज्या कादंबरीत आहे तीच अशी नाहीशी व्हावी, हा योगायोग जगभर चर्चिला गेला. कंपनीच्या प्रमुखांनी पुढे वाचकांची क्षमा मागितली. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा वाचकांना पैसे परत मिळाले, पण घेतलेली पुस्तके उघडेनाशी झाली.

मासिकांच्या बाबतीत तर सुरुवातीपासूनच तात्पुरतेपणा होता. किंडलवर नवे अंक येत गेले की जुने अंक यंत्रातून आपोआप पुसले जात. एखादा अंक जपून ठेवावयाचा असेल तर त्यावर तशी खूण करावी लागे. आपल्याकडे जर्मन येशूसंघीय धर्मगुरू हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली 'निरोप्या' हे मासिक सुरू केले. अशा मासिकांचे जुने अंक आज अभ्यासकांना महत्त्वाचे वाटतात, कारण ते कोणाच्या तरी कपाटात राहिले. शंभर वर्षांनंतर आजचा अंक कोणाला पाहावयाचा असेल तर तो कोठे सापडेल, हा प्रश्न संपादकांनी आजच स्वतःला विचारला पाहिजे.

मराठीची वेगळी अडचण

इंग्रजी मासिकांना न भेडसावणारी एक अडचण मराठीपुढे आहे. पडद्यावर दोन प्रकारे पान देता येते. पहिल्या प्रकारात छापील पानाचे जसेच्या तसे चित्र दिले जाते. आपण ज्याला पीडीएफ म्हणतो तो हा प्रकार. दुसऱ्या प्रकारात मजकूर प्रवाही असतो, म्हणजे अक्षर मोठे केले की ओळी आपोआप नव्याने मांडल्या जातात. डोळ्यांना त्रास असणाऱ्या वाचकाला हा दुसरा प्रकार खरा उपयोगी पडतो. पीडीएफ लहान पडद्यावर मोठी करून वाचावयाची तर पान सतत डावीकडून उजवीकडे सरकवावे लागते.

प्रवाही मजकुरासाठी अक्षरे युनिकोड या जागतिक पद्धतीने साठविलेली असावी लागतात. परंतु अनेक मराठी नियतकालिके वर्षानुवर्षे श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या टंकांत अक्षरजुळणी करीत आली. त्यातील मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला की मराठीऐवजी भलतीच चिन्हे दिसतात. तो युनिकोडमध्ये आणता येतो, पण जोडाक्षरे, रफार आणि वेलांट्या पुन्हा डोळ्यांखालून घालाव्या लागतात. त्यामुळे अनेक मराठी मासिकांची 'डिजिटल आवृत्ती' म्हणजे प्रत्यक्षात छापील पानांची पीडीएफच असते. ॲमेझॉनने किंडलवर मराठीसह पाच भारतीय भाषांतील ई-पुस्तके डिसेंबर २०१६ मध्ये उपलब्ध केली, म्हणजे किंडल आल्यानंतर तब्बल नऊ वर्षांनी.

लाभही थोडके नाहीत

येथवर वाचून कोणी असा ग्रह करून घेऊ नये की ही साधने टाकाऊ आहेत. ज्यांची दृष्टी मंदावली आहे, त्यांना अक्षर हवे तेवढे मोठे करून घेता येते. अंध व्यक्तीला युनिकोडमधील मजकूर यंत्राकडून वाचून घेता येतो. छापील अंकाने ही सोय कधीच दिली नव्हती. आखाती देशांत, कॅनडात वा ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या आपल्या बांधवांना अंक प्रसिद्ध झाला त्याच दिवशी मिळू शकतो. जुन्या अंकांतून एखादे नाव वा घटना क्षणात शोधता येते. रंगाची उणीवही आता भरून निघत आहे. रंगीत इलेक्ट्रॉनिक शाईचा किंडल २०२४ मध्ये बाजारात आला आहे.

रात्रीच्या वाचनाबाबत मात्र एक सूचना करावीशी वाटते. २०१४ साली अमेरिकेत बारा जणांवर केलेल्या एका लहानशा अभ्यासात असे आढळले की झोपण्यापूर्वी काही तास स्वयंप्रकाशी टॅबलेटवर वाचणाऱ्यांना छापील पुस्तक वाचणाऱ्यांपेक्षा झोप उशिरा लागते. ज्यांना रात्री पडद्यावरच वाचावयाचे आहे, त्यांनी प्रकाश अगदी मंद ठेवावा किंवा इलेक्ट्रॉनिक शाईचा पडदा बाहेरच्या दिव्याच्या उजेडात वाचावा.

ख्रिस्तसभेचा दृष्टिकोन

ख्रिस्तसभेने या साधनांकडे पाठ फिरविलेली नाही. इटलीतील फादर पाओलो पाद्रिनी यांनी २००८ साली दैनंदिन प्रार्थनाविधी मोबाइलवर आणणारे 'आय-ब्रेव्हिअरी' तयार केले. पुढे ते आयपॅडवरही आले. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २८ जून २०११ रोजी व्हॅटिकनच्या नव्या वृत्तसंकेतस्थळाचा प्रारंभ आयपॅडवर बोट ठेवूनच केला.

त्याचबरोबर न्यूझीलंडच्या बिशपांनी २०१२ साली एक मर्यादा स्पष्ट केली. पवित्र मिस्सा अर्पण करताना अधिकृत छापील मिस्साग्रंथच वापरावा, त्याच्या जागी आयपॅड वा तत्सम उपकरण नको, असे त्यांनी सांगितले. अभ्यासासाठी अशा उपकरणांचा उपयोग होतो, हे त्यांना मान्य होते. या निर्णयामागील विवेक आपल्याही उपयोगाचा आहे. वेदीवरील ग्रंथ त्या एकाच कार्यासाठी राखून ठेवलेला असतो. उद्या त्याच पडद्यावर क्रिकेटचा धावफलक दिसणार नसतो. मासिक म्हणजे काही मिस्साग्रंथ नव्हे, हे खरे. तरीही एकाच कामासाठी राखलेली वस्तू मनाला त्या कामात स्थिर करते, ही गोष्ट वाचनालाही लागू पडते.

मग काय करावे?

या साऱ्या अनुभवाचे सार असे सांगता येईल. पडद्यावर लेख वाचला जातो, पण अंक हरवण्याचा धोका असतो. म्हणून पडद्यावर जाताना अंक शाबूत राहील, याची तजवीज करावयास हवी.

लहान नियतकालिकांनी छापील अंक एकदम बंद करू नये. 'न्यूजवीक'सारख्या साप्ताहिकाला परतावे लागले, आपल्याला परतण्याचे बळ उरेलच असे नाही. पडद्यावरील आवृत्ती अनुक्रमणिकेसह पूर्ण अंकाच्या रूपात द्यावी आणि तीत शेवटचे पान असावे. मजकूर युनिकोडमध्ये जुळवावा. अंक शक्यतो स्वतःच वाचकाला पाठवावा आणि वर्गणीदारांची नोंदवही आपल्याच हाती ठेवावी. प्रत्येक अंकाच्या काही छापील प्रती ग्रंथालयांत जपून ठेवाव्यात.

वाचकांनीही काही पथ्ये पाळावीत. टॅबलेटवर अंक वाचताना सूचना बंद ठेवाव्यात. एका बैठकीत निदान एक लेख पूर्ण करावा. मिळालेल्या अंकाची प्रत आपल्या यंत्रात उतरवून ठेवण्याची मुभा असेल तर ती अवश्य ठेवावी. घरात तरुणांसाठी पडद्यावरील अंक घेतला तरी आजी-आजोबांसाठी छापील अंकाची वर्गणी चालू ठेवावी. वाचून झालेला छापील अंक रद्दीत टाकण्याआधी, ज्या घरी मासिक जात नाही अशा एखाद्या घरी न्यावा. एक अंक चार घरी वाचला जातो, तेव्हा त्याची किंमत चौपट वसूल होते. आणि त्या निमित्ताने चार घरांत जाणे-येणेही होते.